पालिकेच्या कपाटातले इच्छापत्र: लिव्हिंग विल नोंदणी सेवेचे परीक्षण

महानगरपालिकेच्या सेवांविषयी कोणी लिहिले, तर ते सहसा पाणी, कचरा, दाखले आणि मालमत्ता कर यांच्यापलीकडे जात नाही. गेल्या काही वर्षांत या सेवांत अशा एका सेवेची भर पडली आहे, की जिचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. ती सेवा म्हणजे नागरिकांचे लिव्हिंग विल, अर्थात वैद्यकीय इच्छापत्र, स्वीकारणे आणि जपून ठेवणे. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि आपण स्वतः निर्णय सांगण्याच्या स्थितीत नाही, अशी वेळ आली तर कोणते उपचार करू नयेत व सुरू असलेले कोणते थांबवावेत, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवायचे आणि त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. मी माझे इच्छापत्र आमच्या शहराच्या पालिकेकडे दिले. शहराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे उणे दिसले ते त्या एका कचेरीपुरते आहे असे मला वाटत नाही.

सेवेचा कायदेशीर आधार भक्कम आहे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला आणि सन्मानाने मरण येऊ देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मात्र त्या निकालातील कार्यपद्धती इतकी किचकट होती, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करण्याची अट पाळून इच्छापत्र करणारे विरळाच. अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा २४ जानेवारी २०२३ रोजी ती पद्धत सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले की पुरते. पुढे मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर महाराष्ट्रात अभिरक्षक नेमण्याचे काम पुढे सरकले.

या सेवेचे मोल ठरवताना रांग किती मोठी होती आणि पोच किती वेळात मिळाली एवढेच पाहून चालणार नाही, कारण इथे पालिका नागरिकाला काही देत नाही. त्याच्यापाशी जे आधीपासून आहे त्याची ती फक्त दखल घेते. १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याचा हक्क हा नैसर्गिक हक्क मानला आणि आत्महत्या हा जीवनाचा अनैसर्गिक शेवट असल्याने मरण्याचा हक्क त्यात बसत नाही असे सांगितले. पण मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झाली असेल, तर ती सन्मानाने पार पडणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, हेही त्याच निकालात आले. त्याच्याही मागे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे आणीबाणीतील भिन्नमत आहे. आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयात दाद मागता येत नाही, असे जबलपूर खटल्यात बहुमताने ठरले, तेव्हा २८ एप्रिल १९७६ रोजी त्या बहुमताच्या विरोधात एकटे उभे राहून त्यांनी लिहिले, की जीविताचा हक्क ही केवळ अनुच्छेद २१ ची देणगी नाही. राज्यघटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेण्याची मुभा राज्याला नव्हती. त्या दिवशीच्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना ते बहुमत चुकीचे ठरवले. तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव, आणि २०१८ च्या घटनापीठावरही ते होतेच. आपल्याकडे तर हा विचार न्यायालयांच्याही आधीचा आहे. निर्मिकाने प्रत्येक स्त्री-पुरुषाला जन्मतःच स्वतंत्र केले असून त्यांचे हक्क ही कोणा सत्तेची वा धर्माधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे, हे जोतीराव फुले यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतच मांडले होते. जो हक्क राज्याने दिलेला नाही तो सांभाळण्याची जबाबदारी राज्याने कशी पार पाडावी, या कसोटीवर मी ही सेवा पाहतो.

पालिकेकडे जाण्याआधी कागद तयार करावा लागतो. महाजालावर नमुने पुष्कळ मिळतात, पण त्यांतला एखादा उतरवून काढून सही करण्याच्या मी विरोधात आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझा मसुदा वाचून पहिलीच ओळ खोडली. ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये’ असे त्या ओळीत म्हटले होते. न्यूमोनिया झालेला धडधाकट माणूस चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून पायी घरी येऊ शकतो, तेव्हा नकार यंत्राला द्यायचा नसतो, परिस्थितीला द्यायचा असतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आधी कोणती अवस्था आल्यावर हा कागद लागू होईल ते लिहिले आणि मग त्या अवस्थेत हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न, श्वासनलिकेतील नळी, डायलिसिस, वारंवार अतिदक्षता विभागात हलवणे यांचा एकेक करून विचार केला. कागद संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ त्याची अंमलबजावणी करणार नाही, हे न्यायालयाने स्पष्टच म्हटले आहे. त्यामुळे हा कीस पाडणे अटळ आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नाकातून घालायच्या अन्ननलिकेच्या कलमावर. आपल्या घरांत आजाऱ्याला दोन घास भरवणे हे प्रेमाचे शेवटचे काम मानले जाते, आणि ‘आईला उपाशी ठेवले’ हा ठपका कोणत्याही मुलाला आयुष्यभर पुरतो. मुलीने मला सरळ विचारले, “बाबा, नळी काढायला मीच सांगायचं का?” त्यावर डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की अखेरच्या टप्प्यात शरीराला भूक उरत नाही, बळेच दिलेले अन्न फुप्फुसात जाऊन त्रास वाढू शकतो, आणि नळी नाकारली म्हणजे शुश्रूषा नाकारली असे होत नाही. नीतीचे नियम निसर्गतःच असतात असे मानणाऱ्या परंपरेतही याच कलमावर मतभेद आहेत. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को दे विटोरिया या धर्मपंडिताने, जीव वाचवण्यासाठी वाटेल ते असाधारण उपाय करण्याचे बंधन माणसावर नाही, अशी मांडणी केली. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बाराव्या पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तीच भूमिका कृत्रिम श्वसनयंत्राला लावली. पण नळीने दिलेले अन्नपाणी हा असाधारण उपाय नव्हे, ती तत्त्वतः देणे बंधनकारक असलेली मूलभूत शुश्रूषा आहे, असे कॅथलिक धर्मपीठ मानते. हे मत मी गंभीरपणे घेतो, तरी पूर्णपणे स्वीकारत नाही. शुद्ध परत येण्याची शक्यता संपली असेल तर नळी नको. ओठ ओले ठेवणे, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणे आणि वेदनाशमन मात्र अखेरपर्यंत चालू राहावे, असे मी लिहिले.

नोटरीचा टप्पा मात्र निराश करणारा होता. इच्छापत्र स्वेच्छेने, दडपणाशिवाय आणि परिणाम समजून केले आहे याची खात्री साक्षांकन करणाऱ्याने करून घ्यावी, अशी अपेक्षा आहे. आमच्या नोटरीने ओळखपत्र पाहिले, वहीत सह्या घेतल्या, शिक्के मारले आणि एकही प्रश्न विचारला नाही. वारसांना शेजारी बसवून एखाद्या वृद्धेकडून असा कागद करून घेणे किती सोपे आहे, हे त्या टेबलाशी बसल्यावर कळते. सही करणाऱ्याला दोन मिनिटे एकट्याला बसवून बोलते करण्याचा दंडक या सेवेत असायलाच हवा.

पालिकेच्या आरोग्य विभागात टपाल घेणाऱ्या बाईंनी मथळा वाचून मला दुय्यम निबंधकाकडे पाठवायला सुरुवात केली, कारण मृत्युपत्राची नोंदणी तिथे होते. हे मालमत्तेचे नसून उपचारांचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “बसा काका, असं काहीतरी पत्र वरून आलं होतं खरं.” ते पत्र सापडले. अभिरक्षक म्हणून नेमलेले अधिकारी डॉक्टर होते. त्यांनी आस्थेने बसवून घेतले, पानोपानी सही आहे का ते पाहिले आणि माझ्या वतीने बोलण्यासाठी मी नेमलेल्या दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक स्वतःच्या हाताने कागदावर टिपले. पालिकेने कसलेही शुल्क घेतले नाही. आवक क्रमांक टाकून शिक्क्यासह पोच मिळाली, तीही त्याच दिवशी. इथवर तक्रारीला जागा नाही. माहिती नसली तरी माणसे सौजन्याने वागली, आणि सरकारी कचेरीत हे गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर माझा कागद ‘संकीर्ण’ असे लिहिलेल्या फाइलीत लावला गेला आणि ती फाइल लोखंडी कपाटात गेली. रात्री एखाद्या रुग्णालयातून विचारणा झाली तर काय, असे मी विचारले. “ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा, काका. शनिवार-रविवार बंद,” हे उत्तर प्रामाणिक होते आणि सेवेचा सर्वांत मोठा दोषही त्यातच आहे. इच्छापत्राची गरज कचेरीच्या वेळा पाहून पडत नाही. रुग्णवाहिकेतून आलेल्या बेशुद्ध माणसाच्या घशात नळी घालायची की नाही हे ठरवायला अपघात विभागातील तरुण डॉक्टरापाशी काही मिनिटे असतात, आणि त्याच्यासमोरच्या संगणकावर पालिकेच्या कपाटातले काहीही दिसत नाही. २०२३ च्या निकालाने इच्छापत्र डिजिटल आरोग्य नोंदींत समाविष्ट करण्याची मुभा दिली आहे आणि रुग्णालयाने त्या नोंदींवरून किंवा अभिरक्षकाकडून त्याचा खरेपणा पडताळावा असे म्हटले आहे. मी ज्या कचेरीत गेलो तिथे डिजिटल नोंदीविषयी कोणाला काही सांगता आले नाही. ‘संकीर्ण’ फाइल बंद होऊन नवी उघडली, अधिकारी बदलून गेले, की माझ्या हातातला आवक क्रमांक हाच काय तो धागा उरतो.

अर्थात, नोंद संगणकावर दिसली तरी तातडीच्या उपचारांच्या पहिल्या तासातच हा कागद सगळे ठरवील, अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचे काम सुरू होते ते उपचार होऊनही सुधारणा होत नाही हे स्पष्ट झाल्यावर. तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून प्राथमिक मंडळ होते. ते शक्यतो ४८ तासांत मत देते. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला डॉक्टर ज्यात आहे असे दुसरे मंडळ ते तपासते, आणि अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्याला कळवते. मंडळांत एकमत झाले नाही तर उच्च न्यायालयात जाता येते. ही दुहेरी चाळणी मला जाचक वाटत नाही. जीव एकदा गेला की निर्णय फिरवता येत नाही, तेव्हा दोनदा विचारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला धरूनच आहे. पण दुसरे मंडळ मागितल्याबरोबर मिळेल, अशी तजवीज लहान शहरांतील खाजगी रुग्णालयांत झालेली मला दिसली नाही. परिणाम असा, की कायदेशीर वाट असूनही कुटुंबे जुन्याच वाटेने जातात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, अशा फॉर्मवर सही करायची आणि बाहेर पडायचे. पैसे संपल्यावर केलेल्या त्या सहीला निवड म्हणणे कठीण आहे. पुष्कळदा त्या रुग्णाबरोबर वेदनाशमनाची औषधेही जात नाहीत.

गोव्याशी तुलना करण्याचा मोह होतो. तिथे मे २०२४ अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र जाहीरपणे साक्षांकित करून नोंदवले आणि राज्यात असे करणारे ते पहिले ठरले. एखाद्या पदस्थाने सार्वजनिक रीतीने स्वतःच्या मरणाविषयी कागद करणे हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा परिणामकारक असते. महाराष्ट्रात असे कोणी मंत्री, महापौर किंवा आयुक्त केल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक मरण स्वीकारण्याची भाषा इथे परकी नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न व औषध सोडले तेव्हा तो निर्णय समजणारी माणसे खेड्यापाड्यांतही होती. विनोबा शुद्धीवर होते आणि आपले म्हणणे सांगू शकत होते. ज्याला ते सांगता येणार नाही त्याच्यासाठी हा कागद आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण या सेवेच्या बाजूने आणि तिच्याविषयी सावध राहण्याच्या बाजूने असे दोन्हीकडून आठवते. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्या चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात होत्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरण, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देणे, तत्त्वतः मान्य केले, पण त्यांच्याबाबतीत परवानगी नाकारली, कारण इतकी वर्षे ज्यांनी त्यांना भरवले आणि स्वच्छ ठेवले त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. एवढ्या काळात त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायालयाने आवर्जून नोंदवली. शुद्ध हरपली म्हणून माणसाची प्रतिष्ठा कमी झाली नव्हती, याचा पुरावा त्या परिचारिकांनी रोजच्या कामातून दिला. म्हणून इच्छापत्राचा प्रचार करताना ‘परावलंबी जगणे म्हणजे अपमान’ असा सूर लावणाऱ्यांशी माझे पटत नाही. अपंग, अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले यांच्या जगण्याला त्यामुळे हकनाक कमीपणा येतो. अरुणाताईंची स्वतःची इच्छा काय होती हे मात्र कोणालाच सांगता आले नाही, आणि त्यामुळे त्यांच्या वतीने कोणी बोलावे यावर सर्वोच्च न्यायालयात वाद घालावा लागला.

या सेवेची दुसरी बाजू उपशामक शुश्रूषेची आहे आणि तिच्याविषयी पालिकेने एक ओळसुद्धा सांगितली नाही. उपचार थांबवण्याचा हक्क मान्य करायचा आणि वेदना थांबवण्याची सोय करायची नाही, हे अर्धे काम झाले. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांसाठी हे काम करीत आहे. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचे औषध मिळणे सोपे व्हावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यातही २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. इच्छापत्राची पोच देतानाच शहरातल्या अशा केंद्रांची आणि घरी येणाऱ्या शुश्रूषा पथकांची यादी हातात दिली, तर पालिकेला फारसा खर्च येणार नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर कायद्याच्या चौकटीला मी साडेचार देईन, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला चार, आणि कागद वेळेवर हाती लागण्याच्या व्यवस्थेला एक, तोही पोच दिली म्हणून. तरीही अठरा वर्षांवरील ज्याला आपले मत ठाऊक आहे त्याने इच्छापत्र करावे, पालिकेत जमा करावे आणि तेवढ्यावर विसंबू नये. एकाहून अधिक नातेवाइकांची नावे घालता येतात, ती घालावीत; पण त्यातला निदान एक जण डॉक्टरांसमोर न डगमगता बोलणारा असावा. प्रती त्यांच्याकडे व फॅमिली डॉक्टरांकडे द्याव्यात, आणि साक्षांकित कागदाची छायाचित्रे फोनमध्ये ठेवावीत. मत बदलले तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते, आणि रद्द न केलेली एकाहून अधिक असतील तर शेवटी सही केलेले ग्राह्य धरतात. त्यामुळे नवे केल्यावर जुन्याचा आवक क्रमांक देऊन ते रद्द केल्याचे पत्र पालिकेला द्यावे आणि त्याचीही पोच मागून घ्यावी.